बांधकाम प्रकल्पाचा कॅश फ्लो: अंदाज कसा बांधायचा आणि तो नेमका कुठे चुकतो

कागदावर नफ्यात असलेलं काम पैशाअभावी रखडणं बांधकामात नवीन नाही. मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते. सिमेंटवाला महिनाभर थांबतो, डिझेलवाला तेवढाही थांबत नाही. येणारा पैसा मात्र महिन्याचं बिल लावल्यावर, ते तपासून झाल्यावर, कपाती वजा होऊन आणि बहुतेक वेळा उशिरानेच येतो. मधली दरी ठेकेदार स्वतःच्या खिशातून किंवा बँकेच्या पैशातून भरतो. ती दरी किती खोल असेल, कोणत्या महिन्यात सर्वांत खोल असेल आणि कधी बुजेल, हे आधी सांगता येणं म्हणजे कॅश फ्लोचा अंदाज.

बहुतेक अंदाज चुकतात ते रकमांमुळे कमी आणि तारखांमुळे जास्त. एस्टिमेट करताना दरांवर जीव तोडून मेहनत घेतली जाते, पण पैसा कोणत्या तारखेला हलेल हा रकाना मात्र ‘३० दिवस’ असं सरसकट लिहून भरला जातो. म्हणून प्रत्येक जोखमीला पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही रक्कम बदलते की तारीख? काही जोखमी दोन्ही बदलतात आणि त्याच सर्वांत महाग पडतात.

पायरी १: तीन वेगळ्या रेषा काढा

झालेलं काम, लावलेलं बिल आणि खात्यात जमा झालेला पैसा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अनेक ठिकाणी पहिलीलाच तिसरी समजून तक्ता बनवला जातो. तसं न करता तीन वेगळे रकाने ठेवा. चौथा रकाना प्रत्यक्ष गेलेल्या पैशाचा, पण तोही ‘झालेला खर्च’ आणि ‘दिलेला पैसा’ असा फोडून. स्टील साइटवर उतरलं म्हणजे खर्च झाला. त्याचे पैसे पंचेचाळीस दिवसांनी गेले तर कॅश फ्लोमध्ये तो खर्च पंचेचाळीस दिवसांनी दिसायला हवा.

झालेल्या कामाची रेषा कामाच्या वेळापत्रकातून यायला हवी: प्रत्येक कामाची सुरुवात, शेवट आणि बिल ऑफ क्वांटिटीजमधली (कामांच्या मात्रा आणि दरांच्या यादीतली) त्याची किंमत, म्हणजे महिन्याला किती किमतीचं काम होणार ते कळतं. निविदेच्या वेळी इतकं तपशीलवार वेळापत्रक हातात नसतं. तेव्हा जुना ठोकताळा चालतो: पहिल्या एक-तृतीयांश काळात एक-चतुर्थांश काम, मधल्या एक-तृतीयांशात निम्मं आणि शेवटच्या एक-तृतीयांशात उरलेलं एक-चतुर्थांश. आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो. एकूण काळाचा झालेला भाग ‘क्ष’ धरला तर पहिल्या टप्प्यात झालेलं काम ९/४ × क्ष², मधल्या टप्प्यात ३/२ × क्ष − १/४ आणि शेवटच्या टप्प्यात ९/२ × क्ष − ९/४ × क्ष² − ५/४.

या ठोकताळ्यावर फार विसंबू नका. पायाभरणी अवघड असलेलं काम सुरुवातीला रेंगाळतं. लिफ्ट, वातानुकूलन, मोठे पॅनेल अशी महाग यंत्रणा शेवटी बसत असेल तर रेषेचं वजन शेवटाकडे सरकतं. काम हातात आलं की ठोकताळा बाजूला ठेवून खऱ्या वेळापत्रकावर या.

पायरी २: खर्चाच्या प्रत्येक गटाला स्वतःची तारीख द्या

खर्चाचे किमान पाच गट करा: मजुरी, साहित्य, सबकॉन्ट्रॅक्टर, यंत्रसामग्री आणि साइटचा चालू खर्च. प्रत्येकाचा पैसा वेगळ्या वेळी जातो. मजुरी त्याच महिन्यात. साहित्याचा काही भाग उधारीवर, पण नवीन पुरवठादार पहिल्या दोन-तीन गाड्यांचे पैसे आगाऊ मागतो हे विसरू नका. सेंटरिंगचा माल (काँक्रीट ओतताना लावायच्या पाट्या आणि टेकू) भाड्याने घेतला तर त्याची अनामत पहिल्याच महिन्यात अडकते. साइट ऑफिस, मजुरांची घरं, वीजजोड, विमा, क्रेनचा पाया हे सगळं पहिल्या बिलाच्या आधी होतं आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींची बिल ऑफ क्वांटिटीजमध्ये वेगळी ओळही नसते.

बँक गॅरंटीसाठी (आपल्या वतीने बँकेने मालकाला दिलेल्या हमीसाठी) बँक जी मार्जिन रक्कम मुदत ठेवीत अडकवते तीही याच तक्त्यात आली पाहिजे. हा खर्च नाही, म्हणून नफ्या-तोट्याच्या हिशोबात दिसत नाही. पण तो पैसा वापरता येत नाही, आणि बहुतेक वेळा दोषदायित्वाचा काळ, म्हणजे ताबा दिल्यानंतर दोष दुरुस्त करून देण्याची मुदत, संपेपर्यंत तो सुटतही नाही. करांचंही तसंच. बिल लावल्याच्या तारखेला कर देय होत असेल आणि पैसे दोन महिन्यांनी येणार असतील, तर तो कर आपण आपल्या पैशातून आधी भरतो. कराची तारीख बिलाशी बांधली आहे की जमेशी, हे हिशोबनिसाला विचारून पक्कं करा.

पायरी ३: बिलाचा प्रवास दिवसांत मोजा

कोणताही अंदाज इथेच सर्वांत जास्त घसरतो, म्हणून इथे घाई करू नका. ‘६० दिवसांत पैसे’ असं एका ओळीत लिहिण्याऐवजी बिलाचा प्रत्येक मुक्काम वेगळा मांडा:

- महिन्याचं मोजमाप कोणत्या तारखेला थांबतं
- संयुक्त मोजमापाला समोरचा अभियंता किती दिवसांनी येतो
- मोजमापाचे तक्ते, चाचणी अहवाल आणि साहित्याचे दाखले जोडून बिल तयार व्हायला किती दिवस
- तपासणी, शेरे, दुरुस्ती, पुन्हा सादर
- प्रमाणपत्र
- मालकाच्या लेखा विभागातली मंजुरी
- बँकेत जमा

एक उदाहरण. महिन्याचं मोजमाप २५ तारखेला थांबतं. २० तारखेला एक मोठा स्लॅब भरला. काँक्रीटच्या क्यूबचा (ताकद तपासायच्या नमुन्याचा) २८ दिवसांचा निकाल पुढच्या महिन्याच्या मध्यानंतर येणार. करारात ‘चाचणी निकाल जोडल्याशिवाय मोजमाप धरणार नाही’ असं कलम असेल, तर तो स्लॅब या बिलात बसत नाही. पुढच्या बिलात जातो, म्हणजे त्याचे पैसे एक पूर्ण महिना मागे. त्यातलं सिमेंट, स्टील आणि मजुरी मात्र आधीच गेलेली. ७ दिवसांच्या निकालावर स्लॅबची काही टक्के रक्कम धरायची आणि २८ दिवसांच्या निकालावर उरलेली, असं सुरुवातीलाच लेखी ठरवून घेतलं तर ही फट बरीच बुजते. चाचणीची अट नसली तरी २५ ऐवजी २६ तारखेला भरलेला स्लॅबही पुढच्या बिलात जातो: वेळापत्रकातली एका दिवसाची चूक पैशात महिन्याची होते. त्यामुळे मोठ्या रकमेची कामं मोजमापाच्या तारखेच्या अलीकडे आहेत की पलीकडे, हे दर महिन्याला प्लॅनिंग आणि बिलिंगच्या माणसांनी एकत्र बसून बघितलं पाहिजे.

कराराची मुदत आणि प्रत्यक्षातली मुदत यांतला फरकही समजून घ्या. फिडिक (सल्लागार अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) या संस्थेच्या १९९९ च्या नमुना करारनाम्यात, म्हणजे ‘रेड बुक’मध्ये, अभियंत्याकडे कागदपत्रांसह मागणी पोहोचल्यापासून ५६ दिवसांत अंतरिम पैसे देण्याची मुदत आहे. म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेला केलेल्या कामाचे पैसे, सगळं वेळेवर झालं तरी, जवळपास तीन महिन्यांनी येतात: महिना संपेपर्यंत ३० दिवस आणि वर ५६. ‘कागदपत्रांसह’ हा शब्द महत्त्वाचा. एक दाखला राहिला म्हणून बिल परत आलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून चालू होतं, निदान समोरचा तसं धरतो.

याच मालकाला लावलेली जुनी बिलं असतील तर शेवटची दहा घ्या, बिल सादर केल्यापासून जमा होईपर्यंतचे दिवस काढा आणि चढत्या क्रमाने मांडा. पाचव्या-सहाव्याच्या आसपासचा आकडा म्हणजे नेहमीचा अनुभव. आठवा आकडा अंदाजात सावध बाजू म्हणून वापरा. सरासरी वापरू नका. एखादं दोनशे दिवस अडकलेलं बिल तिला भलतीकडे ओढतं.

पायरी ४: तूट मांडा

आता आकड्यांत बघू. कराराची किंमत १०० (लाख किंवा कोटी, काहीही धरा), काळ १२ महिने, एकूण खर्च ९२, म्हणजे नफा ८. खर्चातला ४० टक्के पैसा त्याच महिन्यात जातो, ६० टक्के पुढच्या महिन्यात. बिल महिनाअखेरीला, पैसे त्यानंतर दोन महिन्यांनी, रिटेन्शन (मालक प्रत्येक बिलातून रोखून ठेवतो ती रक्कम) ५ टक्के, ॲडव्हान्स (काम सुरू करायला आगाऊ मिळणारी रक्कम) नाही. कामाची रेषा वरच्या ठोकताळ्याने काढली तर एकूण बेरजा अशा येतात:

| महिनाअखेर | झालेलं काम | गेलेला पैसा | आलेला पैसा | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| २ | ६.२५ | ३.१६ | ० | −३.१६ |
| ४ | २५.०० | १६.९६ | ५.९४ | −११.०२ |
| ६ | ५०.०० | ३९.१० | २३.७५ | −१५.३५ |
| ८ | ७५.०० | ६२.१० | ४७.५० | −१४.६० |
| १० | ९३.७५ | ८१.९४ | ७१.२५ | −१०.६९ |
| १२ | १००.०० | ९१.१४ | ८९.०६ | −२.०८ |
| १३ | १००.०० | ९२.०० | ९३.५२ | +१.५२ |
| १४ | १००.०० | ९२.०० | ९५.०० | +३.०० |

८ नफा मिळवण्यासाठी सहाव्या महिन्यात १५.३५ इतका पैसा बाहेरून लागतो. नफ्याच्या जवळपास दुप्पट. खातं शून्याच्या वर येतं ते काम संपल्यानंतरच्या महिन्यात, आणि नफ्यातले ५ रिटेन्शन सुटेपर्यंत हातात येत नाहीत. हे सगळं सुरळीत चाललेल्या कामाचं चित्र आहे. शिवाय महिनाअखेरीची शिल्लक खरा तळ लपवते: मजुरी महिनाभर जाते, बिलाचे पैसे एकाच दिवशी येतात. जमा होण्याच्या आदल्या दिवशीची तूट यापेक्षा खोल असते, म्हणून जवळच्या महिन्यांसाठी आठवड्यांचा तक्ता लागतो.

पायरी ५: एकेक जोखीम हलवून बघा

याच तक्त्यात एका वेळी एकच गोष्ट बदला आणि सर्वांत खोल तूट किती होते ते लिहा.

पैसे दोनऐवजी तीन महिन्यांनी आले तर तूट १५.३५ वरून २६.८५ होते. पाऊणपट वाढ, केवळ एका महिन्याच्या उशिरामुळे.

सगळा खर्च ५ टक्क्यांनी वाढला तर तूट १७.७ होते आणि तळ आठव्या महिन्यात सरकतो. तुटीत फार फरक नाही, पण ८ नफ्यातले ४.६ कायमचे गेले.

दोन्ही एकदम झालं तर २९.६.

रिटेन्शन ५ ऐवजी १० टक्के असेल तर १७.१.

यातून जोखमींचे दोन स्वभाव दिसतात. उशीर तूट वाढवतो पण नफा थेट खात नाही, व्याजातून हळूहळू खातो. खर्चवाढ नफा खाते पण तूट थोडीच वाढवते. पहिल्याला बँकेची कर्जमर्यादा हवी, दुसऱ्याला दरातली राखीव रक्कम. एकाच ‘कंटिन्जन्सी’च्या (अनपेक्षित खर्चासाठीच्या राखीव रकमेच्या) ओळीत दोन्ही कोंबले की कोणत्याच संकटाला नेमकं औषध मिळत नाही.

ॲडव्हान्सचं गणित अनेकांना चकवतं. १० टक्के मोबिलायझेशन ॲडव्हान्स मिळाला म्हणजे तूट १० ने कमी होईल असं वाटतं. फिडिकच्या त्याच करारनाम्यात, वेगळं काही ठरलं नसेल तर, प्रमाणित काम १० टक्क्यांच्या पुढे गेलं की प्रत्येक बिलातून एक-चतुर्थांश कापायला सुरुवात होते. आपल्या उदाहरणात तिसऱ्या महिन्याच्या बिलापासून कपात लागते आणि सहाव्या महिन्याच्या बिलात ॲडव्हान्स फिटतो. नेमक्या त्याच बिलांच्या जमेवर आपण मधल्या महिन्यांत जगत असतो. परिणामी आठव्या महिन्यात तूट पुन्हा १४.६. ॲडव्हान्स नसतानाच्या १५.३५ पेक्षा जेमतेम कमी! तोच ॲडव्हान्स प्रत्येक बिलातून १० टक्के अशा सम प्रमाणात कापला गेला तर सर्वांत खोल तूट ९.९ वर राहते. वाटाघाटीत ॲडव्हान्सच्या रकमेइतकाच कपातीचा वेग लावून धरा.

जोखमीचे घटक: काय बघायचं आणि अंदाजात कसं धरायचं

*वाढीव काम आणि एक्स्ट्रा आयटम.* इथे रक्कम आणि तारीख दोन्ही अनिश्चित. साइटवर तोंडी सूचना येते, काम लगेच करावं लागतं, दर मंजूर व्हायला महिने जातात. तोपर्यंत बिलात ती ओळ एकतर नसते किंवा तात्पुरत्या कमी दराने धरलेली असते. अंदाजात वाढीव कामाचे तीन ढीग करा: लेखी आदेश आणि मंजूर दर असलेलं, आदेश असलेलं पण दर बाकी असलेलं, आणि केवळ तोंडी. पहिल्याचे पैसे नेहमीच्या बिलासोबत धरा. दुसऱ्याचा खर्च आत्ता धरा, जमा सावधपणे पुढे ढकला. तिसऱ्याचा खर्च पूर्ण आणि जमा शून्य. आदेश लेखी मिळाला की तो वरच्या ढिगात जाईल, त्याआधी नाही. दाव्याच्या सूचनेची मुदत चुकू देऊ नका. फिडिक १९९९ मध्ये ती घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांची आहे, आणि ती चुकली तर हक्कच जातो.

*वेळापत्रक घसरणं.* याचा एक फसवा गुण लक्षात ठेवा. काम मंदावलं की आधी बँकेतली शिल्लक सुधारते! खर्च लगेच कमी होतो आणि दोन महिन्यांपूर्वीच्या भरघोस कामाचे पैसे येत राहतात. सगळं ठीक आहे असं वाटतं. दोन महिन्यांनी मंद काळातली बारीक बिलं जमा व्हायला लागतात, आणि तेव्हाच काम पुन्हा वेगात आणण्यासाठी जास्त मजूर लावावे लागतात. तूट अचानक उघडी पडते. म्हणून शिल्लक वाढलेली दिसली तर आधी झालेल्या कामाचा आकडा बघा.

घसरणीचा दुसरा मार म्हणजे काळानुसार चालणारा खर्च. आपल्या उदाहरणात ९२ पैकी १० टक्के, म्हणजे ९.२, साइटचा चालू खर्च असेल तर महिन्याला ०.७७ जातात. तीन महिने काम लांबलं तर २.३, म्हणजे नफ्याचा पाव हिस्सा आणि वर थोडं. हा खर्च कामाच्या टक्केवारीला जोडलेला असेल तर तक्ता लांबणीचा परिणाम दाखवतच नाही. तो महिन्यांना जोडा.

*भाववाढ आणि तिचं सूत्र.* भावफरकाचं कलम असलं म्हणजे जोखीम गेली असं नाही. सूत्रात एक स्थिर भाग असतो, त्यावर काहीच मिळत नाही. घटकांचं वजन पूर्ण प्रकल्पासाठी सरासरीने ठरवलेलं असतं, भाव मात्र विशिष्ट महिन्यांत वाढतो. समजा सूत्रात स्टीलचं वजन २० टक्के आहे, पण सांगाडा उभा राहण्याच्या महिन्यांत बिलाच्या किमतीत स्टीलचा खरा वाटा २८ टक्के. भाव १५ टक्के वाढला तर सूत्र ३ टक्के देतं आणि आपल्याला ४.२ टक्के पडतात. निर्देशांकही मागाहून प्रसिद्ध होतात, त्यामुळे भरपाई तात्पुरत्या आकड्यांवर किंवा उशिरा येते. खर्चवाढ लगेच आणि भरपाई दोन-तीन महिने पुढे, अशीच धरा.

*पुढे वजन टाकलेले दर.* सुरुवातीच्या कामांचे दर चढवून शेवटच्या कामांचे दर उतरवले की पहिल्या महिन्यांची तूट कमी होते. पण असा करार असताना ‘खर्च = कामाच्या ९२ टक्के’ असं सरसकट धरलं तर अंदाज दोन्ही टोकांना खोटा ठरतो. प्रत्येक कामाचा स्वतःचा खर्च आणि स्वतःचा दर वेगळा धरा. शेवटच्या महिन्यांत येणारी बिलं खर्चालाही पुरणार नाहीत हे आधीच दिसलं पाहिजे. आणि उतरवलेल्या दराच्या कामाची मात्रा पुढे वाढली तर तोटाही तेवढाच वाढतो. आमच्या मते थोडंसं झुकलेलं वजन समजण्यासारखं आहे, पण कॅश फ्लो त्यावरच उभा करणं धोक्याचं.

*सबकॉन्ट्रॅक्टर आणि पुरवठादार.* ‘मालकाकडून आले की तुला देतो’ या बोलीवर काम चालतं असं धरून अंदाज सोपा होतो, पण लहान सबकॉन्ट्रॅक्टरची ताकद एका बिलापुरतीच असते. दुसरं थकलं की तो माणसं काढून घेतो, काम थांबतं आणि आपलंही बिल घटतं. काही देशांत अशी अट कायद्यानेच चालत नाही. म्हणून सबकॉन्ट्रॅक्टरांचे पैसे आपल्या जमेवर टांगू नका, ठरलेल्या दिवशी जाणारच असं धरा. पुरवठादाराची उधारी हीदेखील मर्यादा असलेली सोय आहे: सिमेंट आणि स्टीलची मात्रा शिखरावर जाते त्या महिन्यांत उधारीची मर्यादा पुरते का, ते तपासा. पुरत नसेल तर त्यापुढचा माल रोखीने धरा.

*साइटवर पडलेला माल.* टाईल्स, खिडक्या, केबल आधी आणून ठेवल्या की पैसा अडकतो. करारात साइटवरच्या मालावर आगाऊ रक्कम मिळण्याची तरतूद आहे का, कोणत्या मालावर आणि किती टक्के, ते आधी बघा. तरतूद नसेल तर खरेदीचं वेळापत्रक बसवण्याच्या तारखेजवळ आणा, पण मिळायला वेळ लागणाऱ्या वस्तूंना हे लागू नाही. आयात यंत्रणेची ऑर्डर देताना आगाऊ रक्कम, लेटर ऑफ क्रेडिट (पुरवठादाराला पैसे देण्याची बँकेची हमी) आणि विनिमय दर या तिन्ही तारखा तक्त्यात हव्यात.

*नकाशे, परवानग्या, जागेचा ताबा, हवामान.* हे सगळे तारखा ढकलणारे घटक. प्रत्येकासाठी एक प्रश्न पुरतो: हे एक महिना लांबलं तर कोणतं बिल पुढे जाईल आणि कोणता खर्च तरीही होतच राहील?

*मालकाची ऐपत.* मालकाचा स्वतःचा पैसा कुठून येतो ते बघा. विक्रीतून येत असेल तर बाजार मंदावला की आपली बिलं थकतात. कर्जातून येत असेल तर बँकेच्या टप्प्यांची अट पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. सार्वजनिक कामांत आर्थिक वर्षाच्या तरतुदीवर बरंच अवलंबून: काम वेगात झालं पण तरतूद संपली, तर पैसे नवीन वर्षात.

पायरी ६: एका आकड्याऐवजी तीन आकडे

प्रत्येक मोठ्या घटकाला चांगला, संभाव्य आणि वाईट असे तीन आकडे द्या. पैसे येण्याचे दिवस: ४५, ६०, १२०. साधी भारित सरासरी (४५ + ४ × ६० + १२०) ÷ ६ म्हणजे ६७.५ दिवस. ६० नाही. पैसे लवकर येण्याला मर्यादा असते, उशिराला नसते, त्यामुळे खरी अपेक्षा नेहमी ‘संभाव्य’ आकड्याच्या पुढे असते. सगळीकडे फक्त संभाव्य आकडे भरलेला तक्ता म्हणूनच कायम आशावादी निघतो.

सॉफ्टवेअर असेल तर मॉन्टे कार्लो पद्धतीने हे आकडे हजारो वेळा फिरवून तुटीची मर्यादा काढता येते. एक काळजी घ्या: जोखमी एकमेकींपासून अलग आहेत असं धरलं तर निकाल खोटा दिलासा देतो, कारण एकीकडचा उशीर दुसरीकडच्या नशिबाने भरून निघतो असं गणित सांगतं. प्रत्यक्षात उशीर टोळीने येतात. मालक अडचणीत आला की बिलं, वाढीव कामाचे दर आणि रिटेन्शन तिन्ही एकदम लांबतात. सॉफ्टवेअर नसेल तर तीन पूर्ण चित्रं पुरेत: नेहमीचं, सगळी बिलं महिनाभर उशिरा, आणि उशीर व खर्चवाढ एकत्र. बँकेची मर्यादा दुसऱ्या चित्राला पुरेल इतकी मागा, आणि तिसऱ्या चित्रात काय थांबवायचं त्याची यादी आधी करून ठेवा.

एकाच वेळी अनेक प्रकल्प चालू असतील तर सगळ्यांचे तक्ते एकावर एक ठेवून बेरीज करा. दोन प्रकल्पांचे तळ एकाच महिन्यात आले तर प्रत्येकाचा स्वतंत्र अंदाज बरोबर असूनही कंपनी अडचणीत येते. नवीन कामाची सुरुवात दोन महिने पुढे नेणं हा अशा वेळी सर्वांत स्वस्त उपाय असतो.

पायरी ७: दर आठवड्याला जुळवणी

पुढचे १३ आठवडे आठवड्यांत, त्यापुढचा काळ महिन्यांत, असा दोन जाडीचा तक्ता ठेवा. दर आठवड्याला एक आठवडा गळतो, एक नवीन जोडला जातो. प्रत्यक्ष आणि अंदाज यांतला फरक लिहिताना कारण तीनपैकी एकच निवडा: तारीख सरकली, रक्कम बदलली, की कामच बदललं. तारीख सरकली असेल तर ती रक्कम पुढे कुठे येते ते लगेच दाखवा. नाहीतर न आलेला पैसा तक्त्यातून गुपचूप नाहीसा होतो.

तीन आकड्यांवर सतत नजर हवी. पहिला, झालेलं पण बिल न लावलेलं काम: हे एका महिन्याच्या कामापेक्षा जास्त झालं तर मोजमापात किंवा कागदपत्रांत गाडी अडली आहे. दुसरा, लावलेलं बिल आणि प्रमाणित रक्कम यांतला फरक: तो महिन्यागणिक वाढत असेल तर कुठल्या तरी ओळीवर वाद आहे आणि तो कोणी बोलत नाही. तिसरा, पुरवठादारांच्या थकबाकीचं सरासरी वय. हे चढायला लागलं की मालाच्या गाड्या उशिरा येणार, हे पुढच्या महिन्याच्या वेळापत्रकात आजच धरा.

तक्ता बनवणारा माणूस साइट इंजिनिअरपासून लांब बसत असेल तर हे सगळं वाया जातं. बिलिंग, खरेदी, प्लॅनिंग आणि लेखा या चौघांनी आठवड्यातून अर्धा तास एकत्र बसून पुढच्या सहा आठवड्यांतल्या सर्वांत मोठ्या दहा रकमा वाचायच्या: कोणती येणार, कोणती जाणार, कशावर अडली आहे आणि ती सोडवायला कोणी कोणाला फोन करायचा.

तूट पुढे दिसली तर

आठ-दहा आठवडे आधी दिसली तर मार्ग बरेच असतात. महिन्याला एकऐवजी दोन बिलं लावण्याची परवानगी मागा. आपल्या उदाहरणात पंधरवड्याचं बिल लावता आलं तर महिन्याच्या पहिल्या निम्म्या कामाचे पैसे पंधरा दिवस आधी येतात, आणि मधल्या महिन्यांत कामाचा वेग १२.५ असताना हा आधार सहाच्या आसपास असतो. रोखलेल्या रिटेन्शनच्या बदल्यात बँक गॅरंटी देता येते का विचारा, पण गॅरंटीचं कमिशन आणि मार्जिन वजा करून फायदा उरतो ना, ते मोजा. मोठ्या पुरवठादारांशी पैसे थकण्याआधी बोला. दिलेली तारीख पाळणाऱ्याला आणखी पंधरा दिवस मिळतात, थकवून बोलणाऱ्याला मिळत नाहीत. बँकेकडेही याच वेळी जा, तक्ता आणि तिन्ही चित्रं घेऊन.

दोन आठवडे आधी दिसली तर फक्त कामाचा क्रम बदलता येतो: मोजमापाच्या तारखेआधी पूर्ण होऊन बिलात बसतील अशी कामं पुढे घ्या, अर्धवट राहणारी मागे ठेवा. मालकाने मुदत उलटून पैसे थकवले असतील तर करारातले हक्क लेखी वापरा. फिडिक १९९९ नुसार उशिराच्या रकमेवर वित्तखर्च (व्याज) मागता येतो आणि किमान २१ दिवसांची सूचना देऊन काम थांबवता किंवा मंद करता येतं. ही सूचना देण्याआधी काम थांबवलं तर आपणच कराराचा भंग केला असं ठरू शकतं, म्हणून क्रम चुकवू नका.

काम संपत आलं की रिटेन्शनसाठी वेगळा तक्ता उघडा. निम्मं रिटेन्शन काम ताब्यात दिल्यावर आणि उरलेलं दोषदायित्वाचा काळ संपल्यावर, अशी तरतूद सर्रास असते. उरलेल्या दोषांची यादी पूर्ण झाल्याचा दाखला, प्रत्यक्ष बांधलेल्या कामाचे नकाशे, यंत्रणांची हमीपत्रं आणि अंतिम मोजमाप यांतला एकही कागद राहिला की ती रक्कम महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. प्रत्येक कागदासमोर जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहा, आणि ती माणसं दुसऱ्या साइटवर जाण्याआधी कागद हातात घ्या.